पेनड्राइव्हमधल्या ३८ जीबीचं काय करू?

*ताई, मी देवगड तालुक्यातल्या एका केबल-इंटरनेटवाल्याकडे दोन वर्षं तक्रारींचा फोन घेते. बीएससी आयटी झालंय. लाईनमन कमी असले की मीही स्कूटी काढून जाते. मालक म्हणतात, नेटवर्क ट्रबलशूटिंगचं सर्टिफिकेट कर, मग तुला कंट्रोल रूमला घेतो. ठाण्याच्या मावसभावाने एक पेनड्राइव्ह दिलाय. ३८ जीबी. 'टीशूट ३००-१३५' नावाचं फोल्डर, त्यात तिकिटांची उत्तरं, व्हिडिओ, आठ-दहा पुस्तकांच्या पीडीएफ. कोल्हापूरचा एक क्लास शनिवार-रविवारचे ३५ हजार मागतो. कणकवलीत एक मुलगा सीसीएनएचं जुनं पुस्तक निम्म्या किमतीत विकतोय. माझ्याकडे साठवलेले ४० हजार आहेत, परीक्षेची फीही त्यातूनच. शाळा मराठी माध्यमाची. काय घेऊ, काय सोडू?*

*ता. क. एका वाडीत शेजारशेजारच्या तीन घरांचं नेट रोज संध्याकाळी सातला जातं, दहाला परत येतं. मालक म्हणतात, लोड असेल. मला पटत नाही.*

*— तक्रारवाली*

तक्रारवाली बाई, तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ ताज्या कलमात आहे. तिच्याकडे शेवटी येते. आधी तो पेनड्राइव्ह.

३००-१३५ ही परीक्षा आता नाहीच. राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या परीक्षांची सगळी मांडणी बदलली, तेव्हा सीसीएनपी या तिच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटातला टीशूटचा वेगळा पेपर बंद झाला. तुझ्या मावसभावाने प्रेमाने दिलंय, पण ते म्हणजे मागच्या वर्षीच्या पंचांगात यंदाचा मुहूर्त शोधण्यासारखं आहे. बिघाड शोधण्याचा तो भाग आता बराचसा ३००-४१० या पेपरात गेलाय, ज्याला एनार्सी म्हणतात. सीसीएनपी हवं असेल तर त्याच्या जोडीला ३५०-४०१ हा मुख्य पेपरही द्यावा लागतो. त्यासाठी सीसीएनए, म्हणजे त्याखालची पायरी, आधी हवंच असा सिस्कोचा नियम नाही, पण नियम नाही म्हणून पहिली सोडून थेट चौथीत बसू नये.

त्या 'तिकिटांच्या उत्तरां'बद्दल मात्र मला दोन शब्द जास्त बोलायचेत, कारण ते फोल्डर मी स्वतः वापरलंय. नंबर वेगळा होता एवढंच. २०१२ साली मी टीशूट दिली, तेव्हाची ६४२-८३२. त्या परीक्षेत नेटवर्कचा नकाशा सिस्को आधीच जाहीर करायची. पेपरात त्याच नकाशावर एकेक बिघाड, म्हणजे तिकीट. प्रत्येक तिकिटाला तीन प्रश्न: दोष कुठल्या डिव्हाइसवर, कुठल्या तंत्रात, आणि उपाय काय. नवी मुंबईतल्या एका क्लासने आम्हाला उत्तरं पाठ करायला दिली. मी पाठ केली. पास झाले, पेढेसुद्धा वाटले.

तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीला एका ग्राहकाची लिंक बसली. ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मारलं तर शेजारी राउटर दिसतोय, पण एक्सस्टार्ट या मधल्या टप्प्याला अडकलेला, पुढे सरकतच नाही. मला दरदरून घाम. हे माझ्या तिकिटांत नव्हतं. मी केबल बदलायला लावली, राउटर रीस्टार्ट करायला लावला, तीन तास घालवले. शेवटी घाबरत घाबरत सीनियरना उठवलं. ते गावाला होते, मागे रातकिडे ऐकू येत होते. त्यांनी एकच विचारलं, "दोन्ही बाजूंचा एमटीयू किती?" एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. एका बाजूला १५००, दुसरीकडे ९०००. हॅलो पॅकेट इवलीशी असतात, ती आरामात जातात, म्हणून राउटर एकमेकांना 'दिसतात'. मग आपापल्या माहितीची यादी एकमेकांना द्यायची वेळ येते, त्या पॅकेटमध्ये एमटीयूचा आकडा लिहिलेला असतो, तो जुळला नाही की गाडी तिथेच उभी. सर्टिफिकेट माझ्याकडे होतं, आणि चार मिनिटांत दोष त्यांनी काढला.

तेव्हा ते फोल्डर उडव. परीक्षेआधी आपण करारावर 'मान्य' म्हणतो, त्यात हे असले चोरलेले प्रश्न वापरायचे नाहीत हे असतंच, आणि सापडलं तर सर्टिफिकेट काढून घेतात, हीही गोष्ट आहे. पण त्याहून मला त्या रात्रीचा घाम जास्त आठवतो.

आता काय घ्यायचं. आधी काहीही विकत घेऊ नकोस. सिस्कोच्या साइटवरून सीसीएनए २००-३०१ ची 'एक्झाम टॉपिक्स' नावाची यादी उतरवून घे. मोजकी पानं, फुकट. झेरॉक्सवाल्याकडून छापून आण आणि पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक ओळीचं पहिलं क्रियापद बघ, कारण ते क्रियापदच तुला सांगतं की या ओळीसाठी कुठलं साहित्य लागेल. आयपी सर्व्हिसेसच्या भागात 'एक्सप्लेन' म्हणून डीएचसीपी (मशीनला आयपी पत्ता वाटणारा) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) यांची भूमिका दिलीय. तिथे पुस्तक किंवा व्हिडिओ पुरतो, समजलं आणि दुसऱ्याला सांगता आलं की झालं. व्हीएलएएन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी केलेली नेटवर्कं, त्यांच्यापुढे 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' आहे. तिथे दहा व्हिडिओ बघून काही होत नाही, कीबोर्डवर हात पडायला हवा. आणि ३००-४१० ची यादी उघडलीस तर ओळीमागून ओळ 'ट्रबलशूट' याच शब्दाने सुरू होते. त्याला पुस्तक पुरत नाही, लॅबही नुसती पुरत नाही. आधी काहीतरी मोडलेलं लागतं.

लोक उलटं करतात. आधी साहित्य गोळा करतात, मग त्यात परीक्षा शोधतात. म्हणून ३८ जीबी होतात.

परीक्षा कुठली, तर माझ्या मते तुला सीसीएनए. कॉम्पटिया या दुसऱ्या संस्थेची नेटवर्क प्लस, सध्याची एन१०-००९, जून २०२४ मध्ये आली. तिच्यात २४ टक्के वजन निव्वळ ट्रबलशूटिंगला आहे, पाच भागांतला तोच सगळ्यात मोठा, आणि मालकांच्या शब्दाला तीच जास्त जवळची. पण कोल्हापूर-पुण्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत तुला सीसीएनए जास्त दिसेल. मालकांचा विचार बदलला तर कागद बाहेर चालायला हवा ना? नेटवर्क प्लसचीही अधिकृत यादी मात्र उतरवून घे. तिचा पाचवा भाग हा बिघाड शोधण्याचा नीट आखलेला अभ्यासक्रम आहे. काय बिघडलंय ते ओळख, कारणाचा अंदाज बांध, अंदाज तपास, उपाय आख, कर किंवा वरच्याकडे सोपव, सगळं चालतंय ना बघ, आणि लिहून ठेव. शेवटचं कोणी करत नाही.

कणकवलीचं पुस्तक. कव्हरवर कुठला नंबर आहे ते त्या मुलाला विचार. २००-१२५ असेल तर रद्दीच्या भावानेही नको. २००-३०१ असेल तर निम्म्या किमतीत खुशाल घे, आवृत्ती २०१९-२० ची असली तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पेपरची १.१ आवृत्ती आली, पण पाया तोच राहिला. सबनेटिंग, व्हीएलएएन, ओएसपीएफ काही बदललं नाही. शेवटच्या ऑटोमेशनच्या भागात फरक पडलाय: सेटिंग आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरांत पपेट-शेफच्या जागी टेराफॉर्म आलं, अँसिबल राहिलं, एआयची एक ओळ आली. छापलेल्या यादीशी ताडून बघ, पुस्तकात नसेल तिथे समासात फुली मार, तेवढंच नेटवर वाच. अधिकृत मार्गदर्शक दोन खंडांत येतं, दोन्ही देतोय ना तेवढी खात्री कर. एका खंडाचे पैसे देऊन दुसरा शोधत बसणारे मी पाहिलेत.

व्हिडिओंवर एक रुपया घालवू नको. २००-३०१ चे पूर्ण कोर्स यूट्यूबवर फुकट आहेत, एक निवड आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठही आहेत. ते टीसीपी असं का वागतं हे समजायला उत्तम, पण परीक्षेसाठी लांबचा रस्ता. सगळे पाऊस लागायच्या आत उतरवून ठेव, कारण काय ते मी तुला सांगायला नको. दिवसभर फोनवर तुला तेच ऐकायचंय.

मराठी माध्यमाचं मनावर घेऊ नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. हा पेपर मराठीत मिळत नाही, हिंदीतही नाही. वही मराठीतच लिही, डोक्यात पक्कं तेच बसतं. फक्त सरावाचे प्रश्न वाचताना 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'मोस्ट लाइकली' या शब्दांखाली रेघ मार. चारपैकी तीन उत्तरं बरोबर असू शकतात, आधी काय करशील एवढंच विचारलेलं असतं. माझ्या ओळखीतली हुशार पोरं विषयात नाही, इथे आपटलीत.

आता लॅब, जिथे तुझा खरा वेळ जायला हवा. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत फुकट खातं उघड, पॅकेट ट्रेसर नावाचं लॅबचं सॉफ्टवेअर मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतो. तो नकली आहे, खऱ्या राउटरच्या सगळ्या कमांड त्यात नाहीत, पण सीसीएनएपुरता भरपूर आहे. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही त्याच जातीची मोठी सॉफ्टवेअर तगडं मशीन मागतात, ते एनार्सीच्या वेळी बघू. कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड स्विच आणायला सांगेल. नको. पंखा विमानासारखा वाजतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्याच्या पोर्टातल्या पिना किती दिवस पिवळ्या राहतात ते तू खांबावरच्या डब्यात रोज बघतेसच.

पॅकेट ट्रेसरमध्ये दोन स्विच, एक राउटर, सहा पीसी असं छोटं ऑफिस उभं कर. ते चालू झालं की फाइल जपून ठेव आणि तिची एक प्रत मावसभावाला पाठव. त्याला सांग, पेनड्राइव्ह दिलास ना, आता खरी मदत कर: यात तीन गोष्टी बिघडव आणि काय केलंस ते सांगू नकोस. एखाद्या पीसीचा मास्क (आपलं नेटवर्क केवढं हे सांगणारा आकडा) /२४ चा /२५, म्हणजे निम्मा, करावा, ट्रंकवरच्या, म्हणजे दोन स्विचमधल्या जोडणीवरच्या, परवानगीच्या यादीतून एक व्हीएलएएन काढावा, एखादा पोर्ट शटडाउन करावा, गेटवेचा शेवटचा आकडा बदलावा. त्यातला /२५ वाला दोष मला फार आवडतो, कारण गेटवे दुसऱ्या अर्ध्यात पडला की अर्ध्या ऑफिसला पिंग जातं आणि अर्ध्याला नाही, आणि माणूस केबलला शिव्या देत बसतो. फाइल उघडलीस की पहिली दहा मिनिटं काहीही बदलायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं: काय चालतंय, काय नाही, कुठपर्यंत जातंय. खालून सुरू करून वर जायचं, की मधून पिंग मारून अर्धं नेटवर्क एका फटक्यात बाजूला करायचं, की चालणाऱ्या पीसीशी न चालणारा ताडून बघायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. मी बहुतेक वेळा मधूनच शिरते. आठवड्याला अशा दोन फाइली, तीन महिने. पुस्तकाने येणार नाही ते इथे येईल.

आणि दुसरी लॅब तुझ्या टेबलावर पडलीय. तक्रारवही. त्यात आज 'नेट नाही', 'स्लो', 'मोडेमला लाल लाईट' एवढंच लिहिलं जात असणार. तू तुझी वेगळी वही कर आणि प्रत्येक तक्रारीला तीन गोष्टी लिही: ग्राहक काय म्हणाला, आपण काय पाहिलं, कारण काय निघालं. मधली गोष्ट सोडून पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो, तो 'लोड असेल' म्हणतो.

मागच्या मे महिन्यात मी तारकर्लीला एका होमस्टेत उतरले होते, तिथलंच सांगते. मालकीणबाई कावलेल्या. "काल आलेल्यांचा नेट चालता, आज आलेल्यांचा नाय." लाईनमन दोनदा येऊन गेला होता, फायबरची पॉवर मोजून 'ओके' म्हणून गेला होता. तो खोटं बोलत नव्हता. मोडेमवर लाल लाईट, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याची खूण, नाही; वायफायचे सगळे दांडे भरलेले. पण नव्या पाहुण्यांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' इथेच फिरतायत, आणि माझ्या लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. हा आकडा दिसला की कुठेही थांब. याचा अर्थ मशीनने डीएचसीपीकडे पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. राउटरमध्ये शिरले. वाटायला पत्ते १९२.१६८.१.१०० ते १४९, म्हणजे ५०. एकदा दिलेला पत्ता सात दिवस राखून ठेवायचा असं सेटिंग. आता हिशेब कर: आठ खोल्या, खोलीला चार फोन, ३२ पत्ते गेले. ती मंडळी दोन रात्री राहून गेली, पत्ते मात्र त्यांच्याच नावावर. नवे ३२ आले, त्यांतल्या १८ जणांना मिळाले, बाकी बसले बोंबलत. मुदत दोन तासांची केली, पत्ते दोनशेच्या पुढे नेले. बाईंनी सोलकढी पाजली, बिल मात्र पूर्ण घेतलं.

आता हेच यादीशी ताडून बघ. डीएचसीपीची भूमिका सांगा, ही एक ओळ. विंडोज, मॅक, लिनक्सवर आयपीची माहिती तपासा, ही दुसरी. दोन्ही सीसीएनएत आहेत, दोन्ही त्या होमस्टेच्या पडवीत होत्या. कोणीतरी जुना राउटर उलटा, लॅनच्या पोर्टात जोडून भलतेच पत्ते वाटायला लागतो, हा याचा जुळा भाऊ. गणपतीत चाकरमानी आले की हे दोन्ही तुझ्या वहीत येणारच, तेव्हा आधीच दोन पानं राखून ठेव.

प्रश्नसंच एकच घे, तोही शेवटच्या महिन्यात. घेण्याआधी नमुन्याचे पाच प्रश्न बघ. बरोबर उत्तर का बरोबर हे सगळेच सांगतात, उरलेली तीन का चूक हे सांगत असेल तरच पैसे टाक. 'शंभर टक्के खरे प्रश्न' किंवा 'पासची गॅरंटी' लिहिलं असेल तर ते तुझ्या पेनड्राइव्हचंच भावंड.

क्लासचं गणित तर तुझ्याच आकड्यांत आहे. परीक्षेची फी ३०० डॉलर, कर धरून ३० हजारांच्या पुढे जाते. क्लास लावलास तर परीक्षेला पैसे नाहीत, परीक्षा दिलीस तर क्लासला नाहीत. वर दर शनिवारी फोंडा घाट चढायचा, पावसात तो कधी बंद होईल सांगता येत नाही. क्लास वाईटच असतो असं नाही. ज्याला घरी बसवत नाही, त्याला ३५ हजार भरल्याच्या भीतीने तरी बसवतं. तू दोन वर्षं लोकांच्या शिव्या खात फोन उचलतेस, तुला बसवायला क्लास लागणार नाही. पुस्तक, प्रश्नसंच, झेरॉक्स धरून पाच-सहा हजारांत भागव. नापास झालं तर फी पुन्हा पूर्ण भरावी लागते, म्हणून तारीख घाईने घेऊ नकोस. मिळालं की तीन वर्षं चालतं.

घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण केंद्रावर जा. घरी खोलीत तुझ्याशिवाय कोणी चालत नाही, सगळा वेळ कॅमेरा चालू. मधेच लाईट गेली, किंवा आजीने "गो, चाय घेतंस?" म्हणत दार ढकललं की तुझे तीस हजार धोक्यात. आणि सीसीएनएत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही, हे घरच्या सरावातही पाळ.

आता ती तीन घरं. लोड असता तर सगळी वाडी रडली असती, आणि नेट हळू झालं असतं, घड्याळ लावून गेलं नसतं. तिन्ही घरांत सामायिक काय आहे ते शोध. लाईन कुठून फुटते, आणि फुटते तिथे वीज लागणारं काही आहे का? फायबर फोडणारा काचेचा स्प्लिटर असेल तर त्याला वीज लागत नाही. पण कोणीतरी मागे एखाद्या पडवीत मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल साध्या वायरीवर आणणारा डबा) आणि छोटा स्विच ठेवून तिथून तिघांना वायर ओढली असेल, तर सातला सगळीकडचे दिवे लागतात, पंप चालू होतात, व्होल्टेज पडतं आणि तो डबा मान टाकतो. किंवा त्या घरात संध्याकाळी कोणीतरी नेमकं तेच बटण बंद करतं. हा माझा अंदाजच आहे, तपासायचा तूच. सातला दहा मिनिटं कमी असताना तिथे जाऊन उभी राहा, टॉर्च आणि वही घेऊन. नेट गेलं की तिन्ही मोडेमचा लाल लाईट पेटतो की नाही, एवढं आधी बघ, आणि मग वायरीच्या मागे मागे जा.